बुरूज आणि अहवाल : दहशतवादाला दिलेल्या उत्तरामागचे घरचे राजकारण

रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीत माझे घर आहे. रोप-वेचे खालचे स्थानक इथेच असल्याने १९९६ पासून पर्यटकांचा राबता वाडीच्या दारात आला. महाडच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणे हा माझा उद्योग झाला. या लेखाची सुरुवातही त्या ओट्यावरच झाली.

शेजारचे आबा एका संध्याकाळी आले. त्यांचा मुलगा मुंबईत उपाहारगृहात कामाला होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तो कोकणात येणारी गाडी पकडायला सीएसटीच्या मोठ्या दालनात बसला होता. मांडीत गोळी लागली, वाचला. नोकरी गेली आणि तो वाडीत परतला. आज वळणावर सरबताची टपरी चालवतो. बापलेकांपैकी कुणी त्या रात्रीविषयी फारसे बोलत नाही. त्या संध्याकाळी मात्र आबांनी विचारले, “सर, त्याचा कायतरी अहवाल आला व्हता ना? त्यात काय लिवलंय? चूक कुनाची व्हती?”

मला उत्तर देता आले नाही. राज्यशास्त्र तीस वर्षे शिकवलेल्या माणसाने तो अहवाल मुळातून वाचलेला नव्हता. बातम्या वाचल्या होत्या, वाहिन्यांवरच्या चर्चा ऐकल्या होत्या, मतही बनवले होते. तेव्हापासून दोन वर्षे मी याच कागदांच्या मागे आहे. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल, प्रधान समितीचा अहवाल, शरद पवार यांचे ‘लोक माझे सांगाती’ आणि शिवशंकर मेनन यांचे ‘चॉइसेस’ हे माझे मुख्य वाचन. हे चारही मजकूर महाराष्ट्रावरच्या हल्ल्यांना दिलेल्या उत्तरांविषयी काही सांगतात. ते काय सांगतात यापेक्षा काय सांगत नाहीत, याची ही समीक्षा आहे.

दहशतवादी हल्ल्यानंतर राष्ट्राला दोन उत्तरे द्यावी लागतात. एक बाहेरचे : शत्रूला मारायचे की संयम ठेवायचा? दुसरे आतले : तो आत आला कसा, आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय करायचे? आपल्याकडे राजकारणाची सगळी धुळवड पहिल्या उत्तरावर होते. माझे म्हणणे असे की घरच्या राजकारणाने खरे नुकसान केले आहे ते दुसऱ्या उत्तराचे.

एक : मशीद बंदरचा स्फोट

आमचा रायगड जिल्हा या इतिहासात फार आधीपासून आहे. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली, सातशेहून अधिक जखमी झाली. त्यासाठीचे आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरले. त्याआधी जानेवारीत दिघीला शस्त्रांचा माल उतरला, तेव्हा गोंडघर फाट्यावर पोलिसांनी वाहने अडवली आणि पैसे ठरवून सोडून दिली. हे न्यायालयात सिद्ध झाले. पोलीस आणि सीमाशुल्क खात्यातल्या माणसांना शिक्षा झाल्या आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांचा दोष मान्य केला.

स्फोट झाले तेव्हा शरद पवारांना मुख्यमंत्रिपदाची शपथ घेऊन आठवडाही झाला नव्हता. स्फोटांची ठिकाणे बहुतेक हिंदू वस्तीची आहेत हे त्यांच्या लक्षात आले. डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींची राख अजून गरम होती. त्यांनी जनतेला ठिकाणांची यादी सांगताना मशीद बंदर हे मुस्लीम वस्तीचे नाव आपल्या मनाने जोडले. तिथे स्फोट झालेलाच नव्हता. पुढे त्यांनी हे श्रीकृष्ण आयोगासमोर मान्य केले आणि आत्मचरित्रातही सांगितले.

वर्गात मी हे उदाहरण नेहमी मुत्सद्देगिरीचे म्हणून देत असे. त्या रात्री मुंबईत दंगल पेटली नाही, हे खरेच. राजकारण म्हणजे केवळ स्वार्थ नव्हे, तेही दहशतवादाला उत्तर असू शकते, हे या एका निर्णयात दिसते. पण आज पुन्हा वाचताना या कथनात एक खटकते. सांगणाऱ्याचा भर स्वतःच्या प्रसंगावधानावर आहे. ज्या जनतेला सत्य सांगितले तर ती एकमेकांचे गळे धरील अशी भीती होती, तिची ती अवस्था कुणी आणि कशी केली, या प्रश्नापाशी हे कथन थांबत नाही.

तो प्रश्न श्रीकृष्ण आयोगाने हाताळला. जानेवारी १९९३ मध्ये नेमलेला हा आयोग शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला. त्याच वर्षी मे महिन्यात पंतप्रधान वाजपेयींच्या सूचनेवरून तो पुन्हा उभा राहिला, पण त्याच्या कार्यकक्षेत बॉम्बस्फोटही घालून. हेतू काय असेल तो असो. या जोडणीमुळे आयोगाला दंगल आणि स्फोट यांचा संबंध तपासता आला आणि त्या दोहोंत कार्यकारणाचे नाते दिसते, असे त्याने नोंदवले. कट सीमेपलीकडून रचला गेला, त्याला लागणारी माणसे मात्र इथल्या जखमेतून मिळाली, असा त्याचा आशय.

आयोगाच्या हिशेबात दंगलींत ९०० माणसे मेली. स्फोटांच्या खटल्यात टाडा न्यायालयाने १०० जणांना दोषी ठरवले. दंगलींच्या खटल्यांतल्या शिक्षा हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला, ऑगस्टमध्ये विधिमंडळात आला आणि युती सरकारने त्याला हिंदूविरोधी ठरवून नाकारले. पुढच्या वर्षी काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार आले आणि पंधरा वर्षे टिकले. त्यांनी अहवाल नाकारला नाही. पण तो पूर्णपणे अमलातही आणला नाही. एका सरकारने अहवाल फेकला आणि दुसऱ्याने तो जपून कपाटात ठेवला. आबांच्या दृष्टीने दोन्हींत फरक काय?

दोन : कायद्याचा रंग

आतल्या उत्तराचा दुसरा भाग कायद्यांचा. टाडा १९९५ मध्ये मुदत संपून गेला. संसदेवरील हल्ल्यानंतर वाजपेयी सरकारने मार्च २००२ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावून पोटा मंजूर केला. २००४ मध्ये सत्तेवर आलेल्या संयुक्त पुरोगामी आघाडीने तो रद्द केला. मात्र त्याच वेळी त्यातला मोठा भाग यूएपीए या जुन्या कायद्यात घातला. पोटा नाव बदलून त्याच घरात राहायला आला. २६/११ नंतर तीन आठवड्यांत, डिसेंबर २००८ मध्ये, त्याच आघाडीने यूएपीए अधिक कडक केला, राष्ट्रीय तपास यंत्रणा स्थापन केली आणि भाजपने त्याला पाठिंबा दिला.

महाराष्ट्राचे उदाहरण याहून बोलके आहे. मकोका हा कायदा १९९९ मध्ये युती सरकारने केला. पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब त्यात पुरावा म्हणून चालतो. दिल्लीत पोटा रद्द करणाऱ्या काँग्रेसने मुंबईत मकोका कायम ठेवला. गुजरातने त्याच धर्तीवर केलेल्या कायद्याला मात्र दिल्लीतून वर्षानुवर्षे संमती मिळाली नाही. ती २०१९ मध्ये, दिल्लीतले सरकार बदलल्यानंतर मिळाली. कलमे जवळपास तीच. वाईट की चांगली, हे ती कोणाच्या हातात आहेत यावर ठरले.

याची किंमत २०२५ च्या जुलैत दिसली. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांत १८० हून अधिक माणसे गेली होती. २०१५ मध्ये मकोका न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब टिकले नाहीत, ओळखपरेड टिकली नाही. दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपी विशेष न्यायालयातून सुटले. त्या खटल्यातून मकोका २०१६ मध्येच तपास यंत्रणेने काढून घेतला होता.

पहिल्या निकालाने सरकारला धक्का बसला. ते लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तीन दिवसांत त्या निकालाचा आधार इतर खटल्यांत घेण्यावर स्थगिती मिळाली. दुसऱ्या निकालाचे सत्ताधाऱ्यांनी स्वागत केले. विरोधकांची प्रतिक्रिया नेमकी उलट. मला दोन्ही बाजूंना एकच विचारायचे आहे : मालेगावात मेलेली सहा माणसे आणि लोकलमध्ये मेलेली १८० माणसे कुणी मारली? तपास करणाऱ्या पथकाचे काय चुकले? हा प्रश्न दोन्ही निकालांबाबत एकाच आवाजात विचारणारा आमदार मला वर्तमानपत्रात शोधून सापडला नाही. दुसऱ्या खटल्यातील अटकांमुळे टीकेचे लक्ष्य झालेले हेमंत करकरे २६/११ च्या रात्री शहीद झाले. मग तीच तोंडे त्यांना हुतात्मा म्हणू लागली. माणूस तोच होता आणि त्याचा तपासही तोच. एका रात्रीत त्याचा अर्थ बदलला.

तीन : प्रधान समितीचे साठ दिवस आणि सतरा वर्षे

आता आबांचा अहवाल. २६/११ च्या हल्ल्यात १६६ माणसे गेली, त्यांतली पन्नासहून अधिक एकट्या सीएसटीवर. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांना जावे लागले. लोकांना वाटले, जबाबदारी ठरली. पण मे २००९ मध्ये देशमुख केंद्रात मंत्री झाले आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीनंतर आर. आर. पाटील पुन्हा गृहमंत्री. राजीनामा ही शिक्षा नव्हती, मधली सुट्टी होती. त्यांना काढले ते एका वाक्यासाठी आणि एका ताज-भेटीसाठी. त्यांच्या खात्याने काय केले किंवा केले नाही, यासाठी नव्हे.

ते तपासण्याचे काम डिसेंबर २००८ च्या अखेरीस राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन या दोघांकडे आले. एक माजी केंद्रीय गृहसचिव, दुसरे पोलीस आणि गुप्तवार्ता या दोन्ही क्षेत्रांत मुरलेले. माणसे उत्तम होती. त्यांना दिलेले हत्यार बोथट होते. चौकशी आयोग कायदा १९५२ चा आहे. त्याखाली नेमलेल्या आयोगाला साक्षीदाराला बोलावण्याचे, कागद मागण्याचे अधिकार असतात आणि त्याचा अहवाल सहा महिन्यांत कृती अहवालासह सभागृहापुढे ठेवणे सरकारवर बंधनकारक असते. श्रीकृष्ण अहवाल, तो नाकारायचा असूनही, सहा महिने संपत आले तेव्हा सभागृहात ठेवावा लागला तो याच तरतुदीमुळे. प्रधान समिती या कायद्याखाली नेमलीच नाही. तिला मुंबई पोलिसांच्या प्रतिसादापुरते पाहायला सांगितले. केंद्रीय गुप्तवार्ता यंत्रणांनी तिला दाद दिली नाही.

एवढ्या कुंपणातही समितीने जे लिहिले ते मोलाचे आहे. धोक्याच्या सूचना आल्याच नव्हत्या असे नाही. त्या सुट्या-सुट्या आल्या आणि एकत्र करून कुणी वाचल्या नाहीत. द्रुतकृती पथकाला गोळ्यांअभावी नेमबाजीचा सराव मिळालेला नव्हता. अशा प्रसंगी कुणी कुठे थांबायचे याची कार्यपद्धती कागदावर होती आणि त्या रात्री ती पाळली गेली नाही. पोलीस आयुक्तांच्या नेतृत्वावर समितीने ताशेरे ओढले.

आणि इथेच मला अहवालाची मर्यादा दिसते. दोष खाली उतरत आयुक्तांपाशी थांबतो. तो वर चढत नाही. गोळ्या का खरेदी झाल्या नाहीत? फाईल कुठल्या टेबलावर होती? गृहखाते एका पक्षाकडे, मुख्यमंत्रिपद दुसऱ्याकडे, या आघाडीच्या वाटपाचा खरेदीवर काय परिणाम झाला? लेखकांना हे दिसत नव्हते असे मी मानत नाही. त्यांना ते विचारायला सांगितलेले नव्हते. जुलै २०११ मध्ये मुंबईत पुन्हा स्फोट झाले तेव्हा मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गृहखाते मित्रपक्षाकडे असण्याविषयी जाहीरपणे खंत बोलून दाखवली. शहरात कॅमेरे बसवण्याचे काम निविदांच्या फेऱ्यांत अडकून २०१६ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे हल्ल्यानंतर आठ वर्षांनी.

समितीने एप्रिल २००९ मध्ये काम संपवले, तेव्हा लोकसभेचा प्रचार चालू होता. विधानसभा निवडणूक शरदात होती. अहवाल सभागृहापुढे आला तो दोन्ही निवडणुका उरकल्यावर, डिसेंबर २००९ मध्ये. तोवर त्यातले बरेच वृत्तपत्रांत फुटले होते. विरोधी बाकांवरून भाजप-शिवसेनेने तेव्हा मोठा आवाज केला. २०१४ मध्ये ते मुंबईत आणि दिल्लीत सत्तेवर आले. केंद्राच्या यंत्रणांसह सगळ्यांची चौकशी करणारा आयोग नेमायला तेव्हा कुणी अडवत नव्हते. तो आजवर नेमला गेला नाही.

सगळीकडे असेच होते, असे म्हणून सुटता येत नाही. अमेरिकेत बुश प्रशासनानेही ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांसाठी स्वतंत्र आयोग नेमण्यास आधी विरोध केला होता. मृतांच्या कुटुंबीयांनी रेटा लावला तेव्हा नोव्हेंबर २००२ मध्ये दोन्ही पक्षांचे पाच-पाच सदस्य घेऊन तो नेमावा लागला आणि जुलै २००४ मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीच्या चार महिने आधी, त्याचा अहवाल दुकानात विकत मिळू लागला. आपल्याकडेही कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल काही भाग वगळून संसदेत ठेवला गेला होता. म्हणजे आपल्याला जमत नाही असे नाही.

चार : तराजूत न घातलेले वजन

बाहेरच्या उत्तराविषयी मेनन यांचे २०१६ मधले पुस्तक प्रामाणिक आहे. २६/११ च्या वेळी ते परराष्ट्र सचिव होते. आपण स्वतः तेव्हा ताबडतोब दिसेल असा प्रहार करण्याच्या मताचे होतो, हे ते लपवत नाहीत. मागे वळून पाहताना मात्र संयम योग्य होता असा निष्कर्ष काढतात : हल्ला केला असता तर जगाने त्याला भारत-पाकिस्तानचे आणखी एक भांडण मानले असते, पाकिस्तानी लष्कराभोवती तो देश एकवटला असता, नुकतेच आलेले नागरी सरकार दुबळे झाले असते. पुढच्या अशा हल्ल्याला असेच उत्तर मिळेल असे धरू नये, हेही ते सांगतात.

युक्तिवाद घट्ट आहे. माझा आक्षेप तराजूवर आहे. तो मुख्यतः परराष्ट्रनीतीचा आहे. संयमाचे नैतिक बळ एका गोष्टीतून येऊ शकले असते : आम्ही बाहेर हात उचलला नाही, पण घरातली प्रत्येक फट शोधून बुजवली, हे लोकांना दाखवण्यातून. तसे झाले नाही. म्हणून २००८ चा संयम पुढे दुबळेपणा म्हणून विकणे सोपे गेले. २०२१ मध्ये काँग्रेसचेच मनीष तिवारी यांनी आपल्या पुस्तकात तो दुबळेपणा होता असे लिहिले.

यात मतदाराचे काय? आपण समजतो की मतदार हल्ल्याचा सूड मतपेटीतून घेतो आणि त्या भीतीने सरकारे वागतात. हल्ला चालू असतानाच भाजपने वृत्तपत्रांत सरकारला दुबळे ठरवणाऱ्या जाहिराती दिल्या. २९ नोव्हेंबरला दिल्लीने मतदान केले आणि शीला दीक्षित तिसऱ्यांदा निवडून आल्या. २००९ मध्ये मुंबईच्या सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादीने जिंकल्या. ताज आणि सीएसटी ज्या दक्षिण मुंबईत येतात, तिथे चाळीस टक्क्यांच्या आसपासच लोक मतदानाला आले. मतदाराने सूड घेतला नाही, हे त्याचे शहाणपण. पण हिशेबही मागितला नाही, हा आपला दोष.

पुढे २०१९ मध्ये पुलवामानंतर बालाकोट झाले आणि लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांना आपले मत बालाकोटच्या जवानांना आणि पुलवामाच्या हुतात्म्यांना अर्पण करण्याचे आवाहन केले. स्फोटके महामार्गावर आली कशी, हा आतला प्रश्न त्या टाळ्यांत बुडाला. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जण मारले गेले. त्यांत महाराष्ट्राचे सहा आणि त्या सहांत आमच्या जिल्ह्यातल्या पनवेलचे एक. ७ मे ला ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले. बाहेरचे उत्तर पंधरा दिवसांत मिळाले, त्यावर जुलैत लोकसभेत दीर्घ चर्चाही झाली. पर्यटकांनी भरलेल्या त्या कुरणावर सुरक्षा का नव्हती, याचा अहवाल मात्र जनतेच्या हाती आलेला नाही. २००८ मध्ये संयम होता, २०२५ मध्ये प्रहार. सरकारे वेगळी, उत्तरे उलटी. आतला कागद दोन्ही वेळा अपुरा राहिला.

पाच : बुरूज

हिरकणीची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्या वाडीला तर तिचेच नाव आहे. दंतकथा म्हणूनच सांगतो. कोजागिरीला गडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे आणि घरी तान्हे बाळ. ती रात्री कडा उतरून गेली. शाळेत आपण या गोष्टीतली आई शिकवतो. मला आता त्यातला राजाही महत्त्वाचा वाटतो. ज्या कड्यावरून कुणी उतरू शकत नाही असे सगळ्यांनी धरले होते, तो उतरता येतो हे एका बाईने दाखवले. राजाने पहारेकऱ्यांवर सगळे ढकलले नाही, फट दिसली ही गोष्ट दडवलीही नाही. तिथे बुरूज बांधला आणि फट दाखवणारीचे नाव त्याला दिले. गावोगाव ते नाव सांगितले गेले.

१९९३ मध्ये शेखाडीने अशीच फट दाखवली. त्यानंतर किनाऱ्यावर गस्तीची मोहीम सुरू झाली. पंधरा वर्षांनी ‘कुबेर’ ही पळवलेली बोट त्याच समुद्रातून आली आणि दहा माणसे कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरली. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ एक भरकटलेली बोट लागली, तिच्यात तीन एके-४७ रायफली. त्या रात्री जिल्हाभर नाकाबंदी होती. दहशतवादाचा संबंध नाही, ती परदेशी नौका वाहत आली, असे सरकारने विधानसभेत सांगितले. ते खरे होते. पण तीही किनाऱ्याला लागेपर्यंत कुणाला दिसली नव्हती, एवढे लक्षात ठेवायला हवे.

माझी मागणी लहान आहे. मोठ्या हल्ल्यानंतरची चौकशी आयोग कायद्याखालीच व्हावी. तिच्यात केंद्राच्या यंत्रणा याव्यात, सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी मिळून सदस्य निवडावेत. गुप्त ठेवायचे ते वगळून अहवाल मराठीत आणि हिंदीत विकत मिळावा. हे कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात मला दिसले नाही, कारण त्याने प्रत्येकाचीच अडचण होते.

आबांना मी शेवटी सगळे सांगितले. साहेबांवर ठपका आहे, गोळ्या नव्हत्या, सूचना आल्या होत्या. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हंजी ठावं व्हतं.” मी म्हटले, “तुकड्या-तुकड्यांनी ठाऊक होतं, आबा.” ते उठले आणि म्हणाले, “पोराला मीच सांगेन. तुमी नका सांगू.” पुढच्या दिवशी टपरीवर गेलो. मुलाने सरबत दिले, पैसे घेतले. त्याला सांगितले की नाही, हे मी अजून विचारलेले नाही.